वागणुकीचा निकाल माझ्याकडं

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. मला त्याचा अभिमान आहे आणि गावाला तकलीफ. खताच्या पोत्यावरचं वाचायला मी, पाहुण्यांपुढं बोलायला मी. पोरांनी फुटबॉल सुरू केला तेव्हा शिट्टीही माझ्याच गळ्यात आली. विषय माझा इतिहास. ऑफसाइड मोबाइलवर शिकलो, पण हात एवढ्या ठामपणे वर करायचो की विचारायची कुणाची हिंमत होत नसे.

त्या पोरांत एक मेंढ्या राखणारं पोरगं होतं. बॉल त्याच्या पायामागं कोकरासारखा फिरायचा. निवासी क्रीडा केंद्रासाठी खेळाडू निवडायला हिंगोलीहून प्रशिक्षक आले, त्याचा खेळ बघून उभेच राहिले. मग मारुतीच्या ओट्यावर चहा घेता घेता मला म्हणाले, "खेळ मी पाहिला. वागणूक कशी आहे? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. जागा एकच आहे."

असं कुणी विचारावं म्हणून तर मी पदवी घेतली होती! घसा साफ केला. "गुण आहे, वाद न्हाई. पण चारित्र्य..."

"काय केलं त्यानं?"

"माझ्या चुलतभावाची मोटारसायकल न विचारता नेली. तिघं बसून आखाडा बाळापूरच्या बाजाराला. येताना नालीत पडले. एकाचा हात मोडला."

चुलतभाऊ शेजारीच बसला होता. "व्हय, मोडला. पण भरपाई म्हणून पोरगं माझ्या हळद शिजवायच्या कढईपाशी राबलं. माझं मिटलं. भाऊ, तुझं दुखणं दुसरंच हाय. ती रील सांग की!"

सगळा ओटा खुसखुसला. त्या पोरानं माझ्या झेंडावंदनाच्या भाषणाची नक्कल केली होती. खिशाला पेन लावून, हात वर करून मेंढ्यांपुढं उभा: "बंधू-भगिनींनो, शिक्षणाशिवाय..." आणि मेंढ्या एकेक करून उठून चाललेल्या.

"बघू," प्रशिक्षक म्हणाले.

माझा लिहाज राखून कुणी मोबाइल काढीना. शेवटी मीच काढला. रील पुरावा म्हणून जपून ठेवली होती. खरं सांगायचं तर रोज बघत होतो, आपण इतके वाईट दिसतो का म्हणून. प्रशिक्षकांना चहाचा ठसका लागला. "हात हुबेहूब!" म्हणाले. माझा हात तेव्हाही तसाच वर होता. खाली घेतला.

मग ते हसायचे थांबले. "रील सोडा. गाडीचं बोला. परत असं करंल का?"

पोरगं आईसोबत खाली उभं होतं. आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"पडल्यावर पळून न्हाई गेला," मी म्हणालो. "मदत आणायला धावला, घरी खोटं न्हाई बोलला. पण परत करंल का, ते मला न्हाई माहीत."

चारचौघांत 'माहीत नाही' म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. ओटा काही खचला नाही.

प्रशिक्षकांनी कप खाली ठेवला. "एक महिना ठेवून बघतो. गाडीला हात लावला की घरी."

पोरगं अंगठ्यानं माती उकरू लागलं.

"काहून गप? व्हय म्हण की!" आईनं पाठीत धपाटा घातला.

"व्हय. पण सर, खेळाया रोज भेटंल ना?"

"आधी आठ दिवस मैदान झाडायचं."

"झाडतो," पोरगं म्हणालं, आणि आईला विचारलं, "मग मेंढ्यांमागं कोण जाईल?"

"मी हाय ना," ती म्हणाली.