वक्त्याचा परिचय

आमच्या मंडळात कुणी चार शब्द बोलायला उभं राहणार असेल, तर त्याचा परिचय मी करून देते. गेली कित्येक वर्षं हे काम माझ्याकडेच आहे. माझा आवाज ऐकला की मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या मराठी माणसांना कळतं, आता शाल आणि नारळ येणार. मी सांगलीच्या शाळेत वक्तृत्वाची ढाल लागोपाठ तीन वर्षं जिंकलेली मुलगी. अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झाले, नवरा गेला, मुलगा क्युपर्टिनोला स्थायिक झाला. पण माइकसमोर उभी राहिले की मी अजून तीच नववीतली आगाऊ मुलगी असते. त्या आगाऊपणानं मी एका माणसाचं काय केलं, ते एकदा लिहून टाकायचं आहे.

चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधीच्या शनिवारी मंडळाचा एक कार्यक्रम ठरला होता. अमेरिकेतली गाजलेली भाषणं मराठीतून वाचायची, हायस्कूलचं सभागृह भाड्यानं घ्यायचं आणि शेवटी जेवण. मी एक भाषण मागून घेतलं. गुलामीतून पळून आलेल्या आणि पुढे आयुष्यभर गुलामीविरुद्ध बोलत फिरलेल्या एका वक्त्याचं ते भाषण. स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात त्याला सन्मानानं बोलावलं होतं आणि त्यानं यजमानांच्या तोंडावर सांगितलं होतं, की हा सण तुमचा आहे, माझा नाही. भाषांतर मीच करायला घेतलं. लायब्ररीतून त्याच्यावरची पुस्तकं आणली आणि महिनाभर दुसरं काही सुचलं नाही.

त्या पुस्तकांत एक गोष्ट वाचून माझं डोकंच फिरलं होतं. हा माणूस लहानपणी चोरून अक्षरं शिकला, आणि बोलायला लागला तो असा की भलेभले गप्प बसावेत. पण त्याला व्यासपीठावर नेणारे त्याचे गोरे हितचिंतक त्याला सांगायचे, तू फक्त तुझी हकिगत सांग, विचारांचं आम्ही बघतो. लोक म्हणायचे, एवढं चांगलं बोलतो, हा गुलाम होता असं वाटत नाही. म्हणून त्याच्या बोलण्यात थोडी मळ्यावरच्या गुलामांची भाषा राहू दे, असंही सुचवणारे होते. मी सकाळचा चहा गार होऊ देऊन त्या मेलेल्या माणसांशी भांडत बसायचे. इतके कसे कोडगे असतील हे लोक, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

वाचायला कोण, हा प्रश्नच नव्हता. आमच्या मंडळात एकच आवाज होता. तो मोटारीच्या कंपनीत ब्रेकच्या विभागात इंजिनिअर, पन्नाशीच्या आसपासचा. गणपतीचं निवेदन वर्षानुवर्षं तोच करायचा. स्वच्छ मराठी, एकही इंग्रजी शब्द नाही, एकही अक्षर पडणार नाही. आरतीच्या आधी तो चार वाक्यं बोलला की शाळेची जिम आहे हे माणसं विसरायची. मला तो काकू म्हणायचा, आणि नवरा गेला त्या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ त्यानं न सांगता काढला होता.

दर मंगळवारी ऑफिस सुटलं की तो माझ्याकडे यायचा. डायनिंग टेबलावर समोरासमोर बसून आम्ही भाषण वाचायचो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे मी सांगायचे. त्याला त्याची गरज नव्हती, पण तो ऐकून घ्यायचा. तिसऱ्या मंगळवारी तो मूळ इंग्रजी भाषण वाचून आला, आणि माझ्या प्रतीत एक उतारा नाही हे त्याच्या लक्षात आलं. यजमानांना सर्वांत झोंबणारा, नेमका तोच मी गाळला होता.

"काकू, हा का काढलात?"

"अरे, लोक सुट्टीच्या मूडमध्ये असतात. मुलंबाळं येणार, पुढे जेवण आहे. इतकं कडू कशाला?"

"हाच काढला तर मग उरलं काय? बाकीचं कुणीही बोलेल."

मी माझं नेहमीचं सुरू केलं. प्रेक्षक असतात, कार्यक्रमाचा सूर असतो, वगैरे. तो गाळलेल्या जागेवर बोट ठेवून बसला होता. मग मी हसत विचारलं, "तुला एवढं का लागतंय पण?"

त्यानं कागद टेबलावर ठेवले आणि सांगितलं. त्याची वस्ती गावाबाहेरची. सातवीत पंधरा ऑगस्टचं भाषण त्यानं स्वतः लिहिलं, पाठ केलं. गुरुजींना आवडलं. आदल्या दिवशी त्यांनी ते पाटलांच्या मुलाला दिलं. कारण भाषण करणाऱ्या मुलानंच व्यासपीठावरच्या गावातल्या मोठ्या माणसांना हार घालायचे होते, आणि त्यांना या मुलाच्या हातून हार कसा चालेल? आपलं भाषण त्यानं मैदानाच्या कडेला उभं राहून ऐकलं. त्या मुलानं दोन ठिकाणी चुका केल्या, त्याही त्याला अजून आठवत होत्या. मग तो रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून बोलायला शिकला. आपल्या बोलण्यातून गाव, वस्ती सगळं त्यानं वेचून काढून टाकलं.

"आमचं आडनाव गावावरून पडलंय, त्यामुळे इथे कुणाला कळत नाही," तो म्हणाला. "इथे मी फक्त एक आवाज आहे, काकू. कुणी काही विचारत नाही. वीस वर्षांत मला तेवढंच हवं होतं."

"आणि तुझ्या मुलीला?"

"तिला माहीत नाही. पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, त्याआधी मी सांगणार आहे. कसं सांगायचं ते जुळवतोय. पण मी सांगणार, माझ्या तोंडानं. तोवर हे तुमच्यापाशीच राहू दे."

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि हो म्हणाले. त्या क्षणी मला खरंच भरून आलं होतं. आता वाटतं, त्या भरून येण्यात थोडी खुशीसुद्धा होती. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेलं त्यानं मला सांगितलं, याची ती खुशी.

उतारा मात्र मी परत घातला नाही. तोही पुन्हा काही बोलला नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी परिचय लिहायला बसले. आमच्याकडे परिचयाची एक पद्धत आहे. जन्म, शिक्षण, पदं, आणि मग प्रतिकूल परिस्थितीवर मात करून वगैरे. त्या शेवटच्या वाक्याला लोक टाळ्या वाजवतात. त्याचा परिचय मी आधी साधा लिहिला होता. वाचला तर अगदी बेचव वाटला. कुठली कंपनी, किती वर्षं निवेदन, संपलं. आणि माझ्यापाशी तर केवढी मोठी गोष्ट होती. गुलामीतून आलेल्या माणसाचं भाषण वाचणार कोण, तर हा. ते जुळलेलं पाहून मला राहवेना. जीभ घसरली असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. जीभ घसरली नव्हती. मी ते शाईनं, चांगल्या अक्षरात, कागदावर लिहून नेलं होतं.

सभागृह भरलं होतं. तो कडेला उभा होता, पांढरा कुर्ता घालून. त्याची मुलगी दुसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती. मी वाचत गेले. गावकुसाबाहेरची दलित वस्ती म्हणाले, हातून गेलेलं सातवीतलं भाषण सांगितलं, पाटलाचा मुलगा सांगितला. योग्य जागी थांबले. सभागृह इतकं शांत झालं की मला वाटलं, आयुष्यातला सर्वांत चांगला परिचय मी आज केला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि मी त्याच्याकडे वळून पाहिलं.

तो मुलीकडे बघत होता.

अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. त्यानं नमस्कार केला, दोन्ही गोष्टी खुर्चीवर ठेवल्या आणि माइकपाशी आला. माझं भाषांतर त्यानं नेहमीच्या आवाजात, मान वर न करता वाचलं. मी गाळलेली जागा आली तेव्हा खिशातून दुमडलेला कागद काढला. तो उतारा त्यानं स्वतः भाषांतरित करून आणला होता. तुम्ही मला इथे बोलावलंत ते माझी थट्टा करायला का, असा त्या वक्त्याचा यजमानांना प्रश्न होता. तो त्यानं कसलाही चढ-उतार न करता, हवामान सांगावं तसा वाचला. त्यावरही टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी तर उभं राहून वाजवल्या. माझ्याशिवाय तिथे ते कुणालाच लागलं नाही.

जेवणाच्या रांगेत लोक त्याच्याभोवती गोळा झाले. माझ्याच वयाच्या एक बाई, स्वभावानं अगदी चांगल्या, त्याला म्हणाल्या, "खरंच वाटत नाही हो तुमच्याकडे बघून. मराठी किती शुद्ध तुमचं." दुसऱ्या एकानं सुचवलं, "पुढच्या वेळी तुमची स्वतःची स्टोरी सांगा. फारच इन्स्पायरिंग आहे, यार." तो सगळ्यांना थँक्यू म्हणत होता. मी बटाटेवड्यांच्या ट्रेपाशी चिमटा धरून उभी होते. महिनाभर ज्या माणसांशी मी भांडत होते, ती सगळी इथे ताटं घेऊन उभी होती आणि त्यांना मीच बोलावून आणलं होतं.

मुलगी त्याच्यापाशी आली. तिच्या हातातलं ताट रिकामंच होतं.

"बाबा, वॉज दॅट ट्रू? डज आई नो?"

"घरी बोलू, बाळा."

"सो एव्हरीवन हिअर न्यू बिफोर मी?"

त्यानं तिचं ताट हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि ते तिघं न जेवता गेले. शाल खुर्चीवर तशीच राहिली. ती घडी करून मी घरी आणली.

त्यानंतर मी त्याला तीन वेळा फोन केला. तो नीट बोलायचा, गडबडीत आहे म्हणायचा. ऑगस्टच्या शेवटी अध्यक्षांचा फोन आला. यंदा गणपतीचं निवेदन नव्या मुलांकडे देतोय, चेंज हवा ना थोडा. "त्यांना आपण एप्रिलमध्ये जयंतीला बोलवू ना," ते म्हणाले, "त्यांच्या विषयावर बोलायला."

त्यांचा विषय. त्या माणसाचा विषय ब्रेक हा होता, आणि आवाज. मी भांडायला हवं होतं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज या "बरं"ची वाटते.

दोन दिवसांनी शाल घेऊन त्याच्या घरी गेले. त्यानं दार उघडलं, या काकू म्हणाला, चहा केला. वर मुलीच्या खोलीचं दार बंद होतं. ती जेवायलाही खाली येत नाही फारशी, असं त्यानं न विचारता सांगितलं. मी माफी मागितली. तो हातातल्या कपाकडे बघत होता.

"तुमच्या मनात वाईट नव्हतं, मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण मी वर्षभर शब्द जुळवत होतो, काकू. तिला काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची. आता ती म्हणते, आय ऑलरेडी हर्ड इट."

मला रडू आलं. त्यानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला. रडताना बाकी काही सुचत नव्हतं, म्हणून मी तावातावानं म्हणाले, "गणपतीचं निवेदन तूच करायचं. मी आजच कमिटीशी बोलते."

"काय सांगाल त्यांना?"

"सांगेन ना. ठणकावून सांगेन, की हा माणूस कुठून कुठे..."

आणि मी थांबले. मी पुन्हा त्याचा परिचयच करून द्यायला निघाले होते. वाक्यं तयार होती, थांबायच्या जागासुद्धा. वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला, आमचं बोलणं ऐकून ते पुन्हा लागलं. त्यानं तिकडे एकदा पाहिलं आणि किटलीत उरलेला चहा माझ्या कपात ओतला.