खिडकीखालचं रोप

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक अनोळखी रोप उगवलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तण असेल, उपटून टाक." पण उपटायचंही त्राण नव्हतं.

आज भांडी घासायला आलेल्या शांताबाईंनी त्याचं पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. "सीताफळ आहे, ताई. बिया कुणी टाकल्या?"

मीच. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना मी सीताफळाचा गर भरवायचे. एकेक बी वेगळी काढायची आणि खिडकीबाहेर भिरकावायची, मनात म्हणत, कधी सुटणार मी यातून!

थंडीत ते गेले. हात मोकळे झाले, थकवा तेवढा राहिला.

मी तांब्याभर पाणी आणलं आणि रोपाला घातलं. त्यांना पाजायचे तसंच, थोडं थोडं, मध्ये थांबत.