लक्ष्मणअण्णांचा नमुना गोठा

लक्ष्मणअण्णा कुणाच्याही दारात गेले की घरात नाही, आधी गोठ्यात शिरायचे. लग्नाच्या पंगतीला गेले तरी तेच. गायीच्या कानामागे, शेपटीखाली, कासेपाशी हात फिरवायचे, टम्म फुगलेली एखादी गोचीड काढून तळहातावर धरायचे आणि घरधन्याला हाक मारायचे, "पावणं, हिला जेवायला कुणी बोलावली?" घरची बाई चहा घेऊन उभी, आणि ह्यांचा तो हात पुढे! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अण्णा आमच्या भागातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते आणि मी तिथला शिपाई. नव्वद सालानंतर जुन्नर-आंबेगावात घरोघरी संकरित गायी आल्या, दुधाचे कॅन भरू लागले, आणि गोचीडतापाने त्या मरूही लागल्या. ताप चढायचा, गाठी सुजायच्या, डोळे पांढरे पडायचे, आठवड्यात गाय आडवी. लोकांना समजवा, असा वरून हुकूम आला. सोबत एक कापडी तक्ता आणि कर्णा. बाकीच्यांनी तक्ता खिळ्याला टांगला नि हात झटकले. अण्णांनी तो खांद्यावर घेतला आणि कर्णा माझ्या गळ्यात अडकवला.

पिंपळवंडीपासून अवसरी बुद्रुकपर्यंत किती ओरडलो असू, देव जाणे. अण्णांचं सांगणं एकच. "गोचीड गायीवर निस्ती जेवायला येती, भाऊ. नांदती भिंतीच्या फटीत. गाय फवारली आन् भिंत सोडली, तर काय उपेग?" लोक म्हणायचे, "आमच्या बैलांवर जल्मभर गोचीड हाय, त्यास्नी कुटं काय झालं?" गावरान जनावर हा ताप सोसतं, संकरित गाय सोसत नाही, हे अण्णा पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. तेवढ्यात मागून कुणीतरी, "ते ऱ्हाऊ द्या अण्णा, कडबाकुट्टीचं अनुदान कवा येतंय?" फुकट वाटलेलं औषध तर टोमॅटोवर मारलं जायचं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी अण्णा वैतागले. "आता सांगायचं न्हाई, दावायचं. मला येकच गोठा पायजे, वरीसभर येक बी गाय तापली न्हाई असा. मंग लोकं आपसूक ऐकत्याल." तो गोठा त्यांनी माझा निवडला. खोडदला आमचं घर, दावणीला दोन संकरित गायी.

फटी बुजवायच्या, भिंती टेंभ्याने शेकायच्या, मग फवारायचं. तीन भिंती मी इमानाने केल्या. चौथ्या भिंतीच्या दगडांत आमचा म्हसोबा, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर चढलेला. वडील आडवे आले, "देवाच्या अंगावर इख मारतो का रं?" माझी छाती झाली नाही. अण्णांना दिसू नये म्हणून त्या भिंतीला वैरण रचून ठेवली. अण्णा विचारायचे, "झाल्या का चारी भिंती?" मी म्हणायचो, "झाल्या." त्यांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी वडलांची समजूत काढली असती. पण नाही सांगितलं.

आठ महिने गायी ठणठणीत राहिल्या. अण्णा गावोगावची माणसं घेऊन यायचे आणि नव्या नवरदेवासारखे गोठ्यात मिरवायचे. दोघाचौघांनी आपापल्या भिंती लिंपायलाही घेतल्या. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आमची मोठी गाय तापली.

अण्णांनी तीन दिवस गोठा सोडला नाही. तालुक्याहून इंजेक्शन आणून स्वतः टोचलं. चौथ्या दिवशी सकाळी गाय गेली. गाव जमलं. कुणीतरी बोललंच, "अण्णांच्या नमुन्याची ही गत, मंग आमी कशाला फवारायचं, राव?" लिंपणारे दोघेचौघेही मान हलवत निघून गेले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय चुकलं आसंल रं आपलं?" वडील समोर होते, गाव समोर होता. मी म्हणालो, "नशीब, अण्णा. दुसरं काय!"

तक्ता पुन्हा बाहेर निघाला नाही. निवृत्तीपर्यंत अण्णा हजेरी लावून खुर्चीत बसून राहायचे. वरून कुणी विचारलं तर कागदावर लिहायचे, प्रचार चालू आहे.

निवृत्तीनंतर एकदा त्यांना भेटायला गेलो. फार खंगले होते. म्हणाले, "आपुन लोकास्नी चुकीचं तर न्हाई ना सांगितलं? तुझ्याकडं समदं केलं व्हतं, तरी गाय गेली. लई डोकं खाजवलं, पर उमगंना." वडील तोवर वारले होते. मला अडवणारं कुणी नव्हतं. शब्द ओठापर्यंत आले, तेवढ्यात वहिनींनी कप पुढे केला.

दोन महिन्यांनी अण्णा गेले. त्यांचा शब्द न् शब्द खरा होता, हे त्यांना सांगू शकणारा जगात मी एकटा होतो. आणि मी नालायक त्यांच्यासमोर बसून चहा प्यायलो, उठलो आणि घरी आलो.