झरीच्या नऊजणींचा एक नंबर

डहाणूतल्या फुग्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं कॉम्प्युटर मीच सांभाळला. हजेरी, माल, पावत्या, सगळं ऑफिसातल्या एका जुनाट खोक्यात. खाऱ्या हवेनं ते दरवर्षी आजारी पडायचं. दुरुस्तीवाला बोलावला की शेठ माझ्यावरच डाफरायचे. शेवटी सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं. तिथं दुरुस्तीची कटकट नाही, भाडं फक्त माणशी. "नावं कमी ठेव हां," शेठनी बजावलं.

झरीच्या एका पाड्यावरून नऊ बायका पॅकिंगला यायच्या. पाड्यात रेंज एकाच घराच्या ओट्यावर, म्हणून नऊजणींचा फोन नंबर एकच. त्या घरी फोन करायचा, मग घरातले हाक मारून हवी तिला बोलावायचे. फॉर्म भरताना मीच म्हटलं होतं, "लिहा गं तोच, काय फरक पडतो!"

क्लाउडवर माहिती चढवताना स्क्रीनवर प्रश्न आला: एकाच नंबरच्या नोंदी, एकत्र करू? नऊही चेहरे मला पाठ होते. पण सकाळपासून असल्या प्रश्नांनी डोकं उठलं होतं. दाबलं 'हो'. मेल्या बोटाला एवढी कसली घाई! वर माझा शहाणपणा बघा, माहिती बाहेर जाऊ नये म्हणून जुनी डिस्क हातोडीनं मीच फोडली.

पुढच्याच आठवड्यात क्लाउडवरच्या नोंदींवरून कामगार कायम करायची यादी निघाली. झरीचं एकच नाव. बाकी आठजणी गायब. क्लाउडवाल्यांना फोन केला, तर म्हणे, "एकत्र झालेलं सुटं होत नाही, मॅडम." शेठना सांगितलं, चूक माझी आहे. "असेल. कागद दाखव," ते म्हणाले. भरलेले फॉर्मही कॉम्प्युटरवर चढवले की टाकून द्यायचो; कागद ठेवणं आम्ही कधीच सोडलं होतं.

गायब झालेल्यांतली सगळ्यांत जुनी बाई माझ्या टेबलापाशी आली. बारा वर्षं फुग्यांची पावडर लागून बोटं पांढरी पडलेली. "ताई, मशीनमध्ये नसू दे. तुम्ही तर रोज बघायच्या ना मला? तुम्हीच लिहून द्या."

लिहून दिलं. शेठनी न वाचताच बाजूला सारलं. माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती, आणि ती मीच घालवली होती.

दुसऱ्या दिवशी ती नवा फॉर्म भरायला बसली. रुजू तारीख आजची. मोबाइल नंबरच्या रकान्यापाशी पेन थांबलं. तिनं मान वर केली.

"तोच लिहू ना, ताई?"