अक्कानं शिकवलेलं वृत्त

कलबुर्गीच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवते. वर्गात पोरं अकरा, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी कानडी. दरवर्षी एक जुनी कविता शिकवायची असते. नदीला पूर आलाय, एक माणूस अलीकडच्या काठावर अडकलाय आणि पलीकडं त्याचं घर, एवढीच. मी फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करते, यमकं दाखवते, वृत्त मंदाक्रांता, भाव विरह, असं घडाघडा सांगून मोकळी होते.

पण हे वृत्त मला शिकवलं ते अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. तिची स्वतःची शाळा सातवीतच सुटलेली. आमच्या गावी, दुबलगुंडीला, शेताच्या बांधावर हीच कविता म्हणत ती मला चालायला लावायची. पहिली चार अक्षरं जड, म्हणून चार सावकाश पावलं. मग पाच हलकी, तिथं तुरुतुरु पळायचं. चुकलं की पाठीत धपाटा. "कामून घाई करायलीस? जीव जड झालेला माणूस पळंल व्हय गं?" भाव म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं. पुढं पुस्तकांत नुसती नावं सापडली.

आमचे वडील, अप्पा, गेले तेव्हा मी परीक्षेच्या कामात होते, दुसऱ्या दिवशी गावी पोचले. अक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "आली पाव्हणी." झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिच्याशी एक शब्द न बोलता मी परत आले. त्याला चार वर्षं झाली. तिनं फोन केला नाही, मीही हट्टानं केला नाही. आठवण मात्र मेली कधीही येते. भाकरी थापताना येते, पेपर तपासताना येते.

परवा वर्गात त्या पहिल्या चार अक्षरांपाशी आले आणि खडू खाली ठेवला. पोरं माझ्याकडं बघत राहिली. तास सोडला, व्हरांड्यात येऊन अक्काला फोन लावला. तिनं उचलला.

"अक्का, ती पुराची कविता शिकवायलेय. तुझी लई आठवण यायलीय गं."

तिचा आवाज आला, थकलेला.

"त्याच्या आडवी नदी व्हती बाई. तुझ्या आडवं काय हाय?"

मी घड्याळात पाहिलं. कलबुर्गीहून दुबलगुंडीला, अक्काकडं, बसनं दोन-अडीच तास लागतात.