बिनफवारणीची चोवीस झाडं

माझी धाकटी बहीण वृषाली आता डॉक्टर आहे. सुई टोचणारी नव्हे. झाडांच्या रोगावर संशोधन करून हॉलंडच्या विद्यापीठातून पीएचडी घेतलेली. गावात हे समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आलेत. मागच्या आठवड्यात एक म्हातारी गुडघे दाखवायला आली होती. वृषालीनं तिला चहा पाजला, गुडघ्यांना तेल चोळून दिलं आणि मग सांगितलं की मी डाळिंबाची डॉक्टर आहे. म्हातारी म्हणाली, "असू दे, हात चांगला हाय तुझा."

आमची बाग इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून मोटारसायकलवर वीस मिनिटं. वडिलांचं नाव झुंबर, आम्ही त्यांना आबा म्हणतो. डाळिंबात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, असं ते स्वतः कधी म्हणत नाहीत, पण दुसरा म्हणाला तर अडवतही नाहीत. वृषाली दहावीला असताना तेल्यानं आमची निम्मी बाग नेली. तेल्या म्हणजे डाळिंबाचा काळ. पानावर तेलकट ठिपका पडतो, मग फळावर काळा डाग, आणि शेवटी फळ तडकून उलतं. आबा दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी पोरगी म्हणाली, "मी ह्या रोगाच्या मागं लागणार." आम्ही हसलो. मी तर पोट धरून हसलो, त्याची लाज मला अजून वाटते. पोरीचा स्वभाव एक घाव दोन तुकडे. बारामतीला कृषीची पदवी, राहुरीला पुढची, आणि सव्विसाव्या वर्षी विमानात.

तिथं तिच्या बरोबरीची मुलं काचेच्या घरात प्रयोग करत. लाइट, पाणी, हवा सगळं बटणावर. हिचा प्रयोग मात्र सात हजार किलोमीटरवर, आबांच्या मालकीच्या जमिनीत. ती उन्हाळी सुट्टीत आली आणि बहात्तर झाडांना रंगीत चिंध्या बांधून गेली. लाल चिंधीच्या चोवीस झाडांना आपली नेहमीची फवारणी. हिरव्या चोवीसांवर तिनं शोधलेले, तेल्याला रोखणारे जिवाणू फवारायचे. आणि पांढऱ्या चिंधीच्या चोवीस झाडांवर काहीच फवारायचं नाही. रोग आला तर येऊ द्यायचा, कारण त्याशिवाय जिवाणूंनी काय केलं ते कळणार कसं? माझं काम सोपं. दर शनिवारी प्रत्येक झाडावरचे ठिपके मोजायचे, फोटो काढायचे आणि मोबाइलवरचा तक्ता भरायचा. तक्त्यात शेवटचा रकाना होता: पांढऱ्या झाडांवर फवारणी झाली का? मी दर शनिवारी लिहायचो, नाही.

त्या पावसाळ्यात पांढऱ्या झाडांवर रोग आलाच नाही. तिन्ही रंग सारखेच स्वच्छ. फोनवर वृषाली हरखून बोलायची. तिचं म्हणणं असं, की हिरव्या झाडांवरचे जिवाणू वाऱ्यानं आणि माश्यांनी शेजारच्या झाडांवर गेले असणार. म्हणजे थोड्या झाडांवर फवारलं की सगळी बाग वाचेल. तिच्या प्राध्यापक मार्लीनबाईही खूश. त्यावर प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण लिहून झालं, एका मोठ्या परिषदेत बोलायला तिची निवड झाली. चौथं वर्ष संपत आलं होतं. आईनं पदवीला नेसायची पैठणीसुद्धा ठरवून टाकली.

दिवाळीला ती घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बाग दाखवत होतो. एका पांढऱ्या चिंधीच्या झाडाखाली ती वाकली, आतल्या फांदीचं एक पान उलटं केलं आणि नखानं खरवडलं. नखाला निळसर भुकटी लागली. मोरचूद. चुन्यात मोरचूद कालवून आपण जे बोर्डो फवारतो, त्याचा डाग. तिनं दुसरं झाड पाहिलं, तिसरं पाहिलं. चोवीसच्या चोवीस.

"दादा, तू दर शनिवारी 'नाही' लिहिलंस."

मला माहीत होतं का? अर्धं माहीत होतं. मोरचुदाची पिशवी लवकर रिकामी होत होती, आणि आबा पहाटे पाठीवरचा पंप घेऊन कुठं जातात ते मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

आबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय, फवारलं. माझ्या डोळ्यांम्होरं झाड नासतंय आन मी बघत बसू? पोटच्या पोराला ताप आला तर औषिद न्हाय द्यायचं? कसलं गं तुझं शिक्षण!"

वृषाली बांधावर बसली. मग आबाही खाली बसले, आणि आवाज उतरवून म्हणाले, "कुणाला कळतंय? आपुण तिघं सोडून कुणाला ठावं न्हाय. झाडं काय बोलणार हायत का? घे की पदवी."

मला त्या क्षणी आबांचं पटलं होतं. खोटं कशाला सांगू?

"आबा," ती म्हणाली, "माझं वाचून उद्या कोण तरी फवारणी बंद करंल. जिवाणू आपोआप पसरत्यात म्हणून वाट बघत बसंल, आन बाग घालवंल. तुमी दोन दिवस जेवला नव्हता, मला आठवतंय. त्या माणसाला मी काय सांगू?"

तिनं तिथूनच मार्लीनबाईंना फोन लावला. इंग्रजीतलं मला अर्धंच कळलं, पण 'विथड्रॉ' हा शब्द कळला. प्रकरण मागं घेतलं, परिषदही सोडली. पलीकडून बाईंनी एकच विचारलं, किती वेळ लागेल? ती म्हणाली, आणखी एक बहार, म्हणजे फळांचा एक अख्खा हंगाम.

शिष्यवृत्ती चारच वर्षांची होती. पाचवं वर्ष तिनं पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकलं घेऊन काढलं. तिथं राहण्याचा परवाना वाढवून घेताना दोनदा कागद परत आले. थंडीत दुपारी चारला अंधार व्हायचा, आणि पावसात सायकल चालवत ती खोलीवर जायची. एकदा मला म्हणाली, "दादा, हितं सगळ्यांना वाटतं मी लई हुशार हाय. हुशारीनं काय व्हत न्हाय रे. परत पयल्यापासनं सुरू करायची लाज वाटली न्हाय पायजे, एवढंच." आईला मात्र फोनवर ती नेहमी जेवल्याचंच सांगायची.

इकडं दुसऱ्या बहाराला नवं भांडण उभं राहिलं. शेजारचे आप्पासाहेब बांधावर येऊन ओरडले, "तुमचा रोग माझ्या बागंत येणार. पोरीच्या कागदापायी माझी डाळिंबं घालवता व्हय?" त्यांचं चुकत नव्हतं. वृषालीनं फोनवरूनच प्रयोग बागेच्या मधोमध हलवला, बांधाला उंच जाळी लावायला सांगितली, आणि गळलेलं प्रत्येक फळ त्याच दिवशी खड्ड्यात चुना टाकून पुरायचं ठरलं. पुरायचं काम आबांनी मागून घेतलं.

ऑगस्टमध्ये पांढऱ्या झाडांवर तेल्या आला. आबांनी पाठीवरचा पंप माझ्या ताब्यात दिला आणि म्हणाले, कुलपात ठेव. रोज सकाळी ते टोपलं घेऊन त्या चोवीस झाडांखाली जायचे, उललेली फळं वेचायचे, खड्ड्यापाशी न्यायचे. एकदा मी म्हटलं, "आबा, मी करतो." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हंगामाअखेर चोवीसपैकी एकोणीस झाडं रोगानं घेतली. हिरव्या झाडांपैकी सात, आणि नेहमीच्या फवारणीची पाच. म्हणजे जिवाणूंनी काम केलं होतं, पण फवारलेल्या झाडापुरतंच. पसरले-बिसरले काही नव्हते. शोध पहिल्यापेक्षा लहान निघाला, पण खरा निघाला. पांढऱ्या चिंधीची अकरा झाडं मुळासकट काढावी लागली. तीही आबांनीच काढली.

पदवीची तोंडी परीक्षा आम्ही दुपारी घरच्या टीव्हीवर पाहिली. काळे झगे घातलेली सात माणसं आणि समोर आमची पैठणीतली वृषाली. एका म्हाताऱ्या परीक्षकानं विचारलं, प्रयोगाच्या पहिल्या वर्षाची आकडेवारी प्रबंधात का नाही? ती क्षणभरही थांबली नाही. माझ्या वडिलांनी ती झाडं फवारली होती, ती म्हणाली.

"माझं काय म्हणली?" आबांनी विचारलं. 'फादर' त्यांना कळतं.

मी खोटं बोलू शकलो असतो. पण शनिवारचे ते रकाने मला पुरे झाले होते. "तुमी फवारलं त्ये सांगितलं तिनं."

आबा उठून बागेत गेले. आई पेढे वाटत होती, त्यांनी पेढाही घेतला नाही. पुढं पंधरा दिवस वृषालीचा फोन आला की ते कामात असायचे.

ती परत आल्यावर आम्ही डाळिंबवाल्यांची बैठक बोलावली. आमच्या पॅकिंग शेडमध्ये तीसेक जण जमले. वृषालीनं सांगितलं, जिवाणू आमच्या बागेत चालले, पण तुमच्या मातीत चालतात का ते पाहायचंय. प्रत्येकानं चार झाडं बिनफवारणीची ठेवावीत. कोणी छताकडं बघतंय, कोणी मोबाइलकडं.

शेवटी आप्पासाहेब बोलले. "पोरी, आधी घरात इचार. तुझ्या बापाला तरी ठेववली का गं?"

शेडमध्ये हशा पिकला; पहाटेच्या फवारणीची गोष्ट एव्हाना गावभर झाली होती. वृषालीचा चेहरा उतरला. परदेशात सातजणांसमोर न अडखळलेली पोर इथं अडखळली, कारण आबा तिथंच मागं उभे होते.

आबा पुढं आले. टोपी काढून हातात धरली.

"पयल्या साली म्या फवारलं," ते म्हणाले. "लपून फवारलं. माझ्या लेकीचं एक वरीस माझ्यामुळं गेलं. तिनं त्ये साऱ्या जगाम्होरं सांगितलं, आन मला राग आला. राग खोटा व्हता, ती खरं बोलली व्हती. दुसऱ्या साली एकोणीस झाडं डोळ्यांम्होरं नासली, म्या हात लावला न्हाय. तवा कुठं हिला खरं काय त्ये कळलं." मग ते आप्पासाहेबांकडं वळले. "आप्पासाहेब, चार झाडं द्या. तुमाला बघवणार न्हाय, मला ठावं हाय. राखणीला मी येऊन बसतो."