बेबाबाईची शीळ

बेबाबाई शिरपूरकडची. घाबरणं हा तिचा दिवसभराचा उद्योग होता. पोस्टमन दिसला की दाराआड व्हायची, पाल चुकचुकली की हातातलं भांडं खाली ठेवायची, आणि कुणी मोठ्यानं हाक मारली तर तिचं पहिलं उत्तर असायचं, "मी नही कयं," म्हणजे मी नाही केलं. जळगावात, पिंप्राळ्यात, घरमालकीण सुगनबाईंच्या घरामागं आम्हा दोघींच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. मी दारात मशीन टाकून ब्लाऊज शिवायची, त्यामुळं तिची एकूण एक भीती मला फुकटात बघायला मिळायची. खोटं कशाला बोलू, कधी कधी तिला दोन लगावून द्याव्याशा वाटायच्या.

पण तिची एक भीती खरी होती. खोली जाण्याची. नवरा झुलाल ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. लग्न झाल्यापासून दोघांचं बिऱ्हाड मांजराच्या पिल्लांसारखं या घरातून त्या घरात फिरलेलं. आधीच्या एका खोलीला तर आतून कडीच नव्हती. झुलाल गाडीवर गेला की ही दाराला धान्याची कोठी लावून बसायची. सुगनबाईंच्या खोलीला जाड लोखंडी कडी होती. ती लावली की बेबाबाईला झोप लागायची. एवढ्यासाठी तिला ही खोली जिवापाड हवी होती.

सुगनबाई राजस्थानी जैन, विधवा, साठीच्या पुढच्या. ओट्यावर मुंगी दिसली तर कागदावर घेऊन कुंडीत सोडणार. आम्ही सगळे त्यांना काकी म्हणायचो. भाडेकरूंना त्यांची अट एकच होती. अंडं-मटण उंबऱ्याच्या आत येता कामा नये. आलं, तर त्याच दिवशी सामान बाहेर. बेबाबाईच्या आधीच्या भाडेकरणीची ट्रंक नुसत्या आमलेटच्या वासावर गल्लीत आली होती, हे मीच तिला मीठमसाला लावून सांगितलं होतं.

आणि नव्याण्णवच्या थंडीत झुलालनं अंडंच आणलं. तेही असं तसं नाही. तो सरकीची पेंड घेऊन आंध्रात गेला होता. तिथं शहामृगासारखे इमू पक्षी पाळणाऱ्या एकाची जीप चिखलातून ओढून काढली, म्हणून त्या माणसानं खूश होऊन दिलेलं. काळपट हिरवं, खरबरीत, लहानशा पपईएवढं. स्वेटरात गुंडाळून सीटखाली ठेवून त्यानं ते जळगावपर्यंत आणलं.

"हाई मोठं व्हयनं का माणूसयेवढं व्हस," तो म्हणाला. "गयरा फायदा शे."

एका अंड्यावर पैदास करायला निघालेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. त्यानं सफरचंदाच्या लाकडी पेटीला आतून गोधडी लावली, वर बल्ब टांगला, तापाचं थर्मामीटर आणलं. आपल्या अंगापेक्षा किंचित कमी ऊब पाहिजे, अंडं दिवसातून चार-पाचदा फिरवलं पाहिजे, असं सगळं बायकोला सांगितलं आणि गाडी घेऊन निघून गेला. भीती तेवढी तिच्याजवळ ठेवून.

बेबाबाईनं पेटी पलंगाखाली सरकवली. वरून चादर जमिनीपर्यंत सोडली. सुगनबाईंच्या चाव्यांचा जुडगा अंगणात खुळखुळला की ही पलंगावर पाय सोडून बसायची आणि तिच्या कपाळावर भर थंडीत घाम यायचा.

मला हे कसं कळलं? शीळ ऐकून. साध्या कोंबडीचं अंडं उजेडासमोर धरलं की आतलं दिसतं. इमूचं दिसत नाही, टरफल फार जाड. म्हणून ते सपाट ताटात ठेवायचं आणि शीळ घालायची. आत जीव असेल तर अंडं डुलतं. झुलालनं तेवढी युक्ती शिकवून ठेवली होती. आता आमच्याकडं बाईमाणसानं शीळ घालणं म्हणजे काय, हे सांगायला नको. दुपारी गल्ली सामसूम झाली की बेबाबाई रेडिओ मोठा करायची आणि ओठ चंबू करून फुंकर मारायची. एका दुपारी नेमका रेडिओ बंद पडला आणि मला भिंतीपलीकडून शीळ ऐकू आली. नवरा गाडीवर, आणि घरात शीळ! मी तडक आत घुसले. पाहते तर ही ताटासमोर पालथी पडलेली.

"हालनं! अक्का, हालनं वं! जित्तं शे!" आणि लगेच माझे हात धरून, "कोणले सांगू नको. काकीनी देखं ते बठ्ठा सामान रस्तावर जाई."

मी सांगितलं नाही. पण भिंती काही माझ्या एकटीच्या नव्हत्या. जेमतेम आठवडा गेला असेल. भर दुपारी सुगनबाई दारात उभ्या. आवाज हळू, पण चेहरा असा की मीसुद्धा मशीन थांबवलं.

"बेबा, आत कोण आहे?"

"कोणी नही."

"झुलाल गाडीवर. मग शिट्टी कोण मारतो? कोण माणूस घरात घेतलास?"

मी मध्ये पडून म्हटलं, "काकी, कुकरची असेल." त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बेबाबाई पलंगाशी गेली. माणूस आहे असं समजू दिलं तर अब्रू जाणार, आणि खरं सांगितलं तर खोली. तिनं दोन्ही हातांनी चादर वर केली.

"माणूस नही शे, काकी. अंडं शे."

सुगनबाईंनी पदर तोंडावर धरला आणि दोन पावलं मागं झाल्या. "माझ्या घरात! बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता!"

बेबाबाई रडली नाही, पाया पडली नाही. तिनं अंडं ताटात ठेवलं आणि शीळ घालायला तोंड पुढं केलं. नुसती हवा निघाली. ओठ कोरडे पडलेले, हनुवटी लटलट उडत होती. पुन्हा फुंकलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा बारीकशी शीळ आली. अंडं डुललं. आणि आतून, अगदी पातळ, उलट शीळ आली.

सुगनबाईंचा तोंडावरचा पदर खाली आला.

"यात पंचेंद्रिय जीव आहे, तुझ्या-माझ्यासारखा," त्या म्हणाल्या. "या थंडीत बाहेर ठेवला तर मरेल, आणि पाप मला. पिल्लू निघेपर्यंत राहू दे. निघालं की तू आणि तुझा जीव, दोघं खोली सोडायची."

झालं! आता तर बेबाबाईची पुरती कोंडी झाली. पिल्लू मेलं तर घरमालकीण हाकलणार, जगलं तरी हाकलणार. सुगनबाई रोज दुपारी उंबऱ्याबाहेर येऊन म्हणायच्या, "वाजव." बेबाबाई शीळ घालायची. आतून उत्तर आलं की काकी परत जायच्या.

त्यातच एका सकाळी वीज गेली. कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, संध्याकाळपर्यंत काही खरं नव्हतं. बल्ब विझला तशी बेबाबाई मला बोलवायला धावत आली. आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या, पटकन निवायच्या. मग तिनं अंडं पोटाशी धरलं, वरून शाल करकचून बांधली आणि भिंतीला टेकून बसली. मला दुकानात कपडे पोचवायचे होते. मी निघाले तेव्हा ती श्वाससुद्धा बेतानं घेत होती.

उन्हं कलताना परतले तर दार सताड उघडं. बेबाबाईच्या जागी सुगनबाई बसल्या होत्या. खाली, फरशीवर, भाडेकरणीच्या खोलीत. शाल पोटावर ओढलेली, डोळे मिटलेले, ओठ नवकार मंत्र पुटपुटत होते.

"बेबा कुठंय?" मी विचारलं.

"मोरीत गेलीय. सकाळपासून बसली होती बिचारी, हलायलाही घाबरत होती." मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "पुष्पा, आतून टोचतंय गं."

जन्मात अंड्याला हात न लावलेल्या बाईच्या मांडीवर ते टरफल फुटलं. ओलं, पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू बाहेर पडलं आणि काकींच्या मनगटावर मान टाकून धापा टाकू लागलं. सुगनबाईंनी त्या दिवशी सूर्यास्ताआधीचं जेवण चुकवलं आणि रात्री खायचं नसतं म्हणून तशाच उपाशी राहिल्या. बेबाबाई मात्र कोपऱ्यात भांडी गोळा करायला लागली होती. पिल्लू निघालं म्हणजे खोली गेली, असा तिचा सरळ हिशेब. थांब म्हणून मी कितीदा खुणावलं, ऐकेना. सामान बांधून ती झुलालची वाट बघत बसली.

झुलाल आला तेव्हा पिल्लू ओट्यावर सुगनबाईंच्या पायात घोटाळत होतं. त्याला काय आनंद झाला!

"मोठं झाल्यावर याचं काय करतात?" सुगनबाईंनी विचारलं.

"काकी, याना मटनले हैद्राबादले गयरा भाव..."

"चूप!" बेबाबाई ओरडली. तिचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, तिनंही बहुधा. बांधलेल्या गाठोड्यापासून उठून ती पिल्लाच्या आणि झुलालच्या मध्ये उभी राहिली. "हाई पिलू कोठेच जावाव नही. खोली जावो, तू जाय. हाई जावाव नही."

झुलालनं हात उगारला. बेबाबाईनं डोळे घट्ट मिटले, पण जागची हलली नाही.

"झुलाल," सुगनबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ही खोली मी बेबाला दिली आहे. तुला इथं राहायचं असेल तर तिला विचार." त्याचा हात खाली आला.

इमू पुढं माझ्या खांद्याएवढा झाला. सुगनबाईंनी त्याला म्हातारी-अनाथ जनावरं सांभाळणाऱ्या पांजरपोळात जागा मिळवून दिली. बेबाबाई त्याच खोलीत राहिली. पोस्टमनला, पालीला, सगळ्याला पहिल्यासारखीच घाबरत. दर अष्टमीला त्या दोघी पालकाची जुडी घेऊन पांजरपोळात जायच्या. बेबाबाई कुंपणाशी उभी राहून, भर लोकांत, शीळ घालायची.